जळालेल्या साहेबाची हकीकत

नवागाम, डिंडोली रोड, सुरत
ता. २ नोव्हेंबर १९९६

ती. हिलाल मामांच्या पायांवर भाचा शालिग्राम याचं डोकं. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच वाकलो आहे. उरलेला नमस्कार भेटीत पुरा करीन.) मामींनाही नमस्कार. तुमचा डावा गुडघा, मामींचा मोतीबिंदू आणि कपाशीवरची अळी, यांपैकी काय काय बरं झालं ते कळवावं. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की ही ओळ खोडून टाकावी.

मामा, मोठ्या पेचात सापडलो आहे. आबांचा साहेब जळाला. दसऱ्याच्या दिवशी, चांगल्या उजेडात, पूजा करताना जळाला. आता तो दुरुस्त करायचा की भंगारात घालायचा याचा निकाल मला द्यायचा आहे, आणि आबांच्या हातात जेवढे दिवस उरलेत तेवढ्यात द्यायचा आहे. ते फार नाहीत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की म्हाताऱ्याला कुठे जायचं असेल तर दिवाळीच्या आत नेऊन आणा. 'नेऊन' म्हणताना माझ्याकडे बघत होते, 'आणा' म्हणताना खिडकीबाहेर बघायला लागले. मी काय समजायचं ते समजलो आणि बाहेर येऊन सरलाला सांगितलं की डॉक्टर म्हणाले हवापालट करा.

साहेब म्हणजे कोण, हे तुम्हाला माहीत आहे, पण पत्र मामींना वाचून दाखवाल तेव्हा त्या विचारतील, म्हणून पहिल्यापासून लिहितो. साहेब म्हणजे ट्रॅक्टर. लाल, विलायती, सन एकावन्नचा. पलसाण्याच्या देसाई शेठनी तो बोटीने मुंबईला उतरवून आणवला होता. पंचावन्न साली आबा त्याच्यावर ड्रायव्हर म्हणून चढले ते खाली उतरलेच नाहीत म्हणायला हरकत नाही. हँडल मारून पेट्रोलवर चालू करायचा, तापला की घासलेटवर घ्यायचा, आणि थंडीच्या दिवसांत रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतल्याशिवाय हूं की चूं करायचा नाही. विलायतेहून आलाय आणि सकाळी गरम पाण्याशिवाय उठत नाही, म्हणून आबांनी त्याचं नाव साहेब ठेवलं. आमच्या आईला आंघोळीचं गरम पाणी मिळायच्या आधी साहेबाला मिळायचं. आई म्हणायची, माझी सवत लोखंडाची निघाली.

आता पुढची गोष्ट. ही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण तुम्ही ती वेगळी सांगता असं ऐकून आहे. बासष्ट सालची आखाजी. आई माहेरी आलेली, आबा तिला घ्यायला आलेले, ओट्यावर सगळी भाऊबंदकी बसलेली. आणि तुम्ही (वयाने तरुण होता, मी राग धरत नाही) सगळ्यांदेखत म्हणालात, की आमच्या पाहुण्यांचा रुबाब मोठा, पण बूड दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. लोक हसले. आबा आमरसाची वाटी अर्धी टाकून उठले आणि म्हणाले, आता येईन तर माझ्या स्वतःच्या ट्रॅक्टरवर बसून या दारात येईन, नाहीतर येणार नाही. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मला त्यातलं एवढंच आठवतं की त्यांची उरलेली वाटी मी खाल्ली.

त्याला चौतीस वर्षं झाली. एकोणऐंशी साली देसाई शेठ मुलाकडे परदेशी निघून गेले, जमीन कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांना विकली, आणि जाताना साहेब आबांना देऊन गेले. म्हणाले, बाबुराव, याला तुझ्याशिवाय कुणाची भाषा कळत नाही. झालं! आम्हाला वाटलं, आता आबा निघाले. पलसाण्याहून बारडोली, व्यारा, नवापूर, कोंडाईबारीचा घाट, सगळा रस्ता त्यांनी भिंतीवर कोळशाने काढला होता. घाटात कुठल्या वळणावर कुठला गिअर, तेसुद्धा. पण त्या वर्षी पाऊस लांबला. मग टायर गेले. मग ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं काम निघालं. मग घासलेट मिळेना. दर आखाजीला आई गाठोडं बांधायची आणि दर आखाजीला आबा म्हणायचे, तू पुढे हो पुष्पा, एवढं एक बारीक काम झालं की मी साहेबाला घेऊन आलोच. आई पुढे होत राहिली. पाच वर्षांपूर्वी ती कायमचीच पुढे झाली. तिच्या दहाव्याला तरी आबा गावी येतील असं तुम्हाला वाटलं असेल. मामा, ते स्टेशनपर्यंत आले होते. तिकीट काढलं, फलाटावर माझ्याशेजारी बसले, गाडी आली, मी चढलो, गाडी सुटली, आणि ते बाकावर तसेच बसलेले मला खिडकीतून दिसले. तुम्हाला मी तेव्हा सांगितलं की त्यांना ताप आहे. नव्हता ताप.

बरं, आता दसऱ्याची हकीकत. ही मी इतका वेळ लांबवली, कारण आग कुणी लावली असं तुम्ही विचाराल आणि मला उत्तर द्यावं लागेल. मी लावली. म्हणजे मुद्दाम नाही. साहेब पलसाण्याला, शेठच्या जुन्या शेतातच, पत्र्याच्या शेडमध्ये उभा असतो. पुढे आता डाइंगचं मोठं युनिट झालंय, पण त्यांनी शेड पाडली नव्हती. आबा दर आठवड्याला बसने जायचे, साहेबाला पुसायचे, सीटवर थोडा वेळ बसायचे आणि परत यायचे. दसऱ्याला मात्र आम्ही सहकुटुंब जातो. आमच्या खात्यात त्या दिवशी सगळे माग बंद, प्रत्येकाला हार, कुंकू, नारळ. ती पूजा उरकली आणि मी, शालिग्राम जॉबर, सतरा वर्षं माग सांभाळलेला माणूस, माझ्या मनात आलं की यंदा साहेबाची पूजा झोकात करू.

गावाकडे आपण नांगराला फार तर एखादं सुती फडकं बांधतो. मी खात्यातून जॉर्जेटचा एक डागी तुकडा उचलला, गुलाबी, बारीक बुट्ट्यांचा, आठ-नऊ मीटर, आणि साहेबाला बॉनेटपासून मडगार्डपर्यंत शालू नेसवला. वर झेंडूचा हार, आपट्याची पानं, आणि बॉनेटवर तुपाचा दिवा. ते कापड कसं पेटतं हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. खात्यात कुणी विडी शिलगावली तर मीच त्याची मानगूट धरून बाहेर काढतो. पण पूजेचा दिवा म्हटल्यावर माझी अक्कल बाहेर चपलांपाशी राहिली. त्यात डाइंगवाल्यांनी शेडच्या मागच्या अर्ध्या भागात चिंदीचे गठ्ठे लावून ठेवले होते, ते मी बघितले आणि चक्क म्हणालो, बरं झालं, वारा अडतो.

पूजा झाली. आबा शेडबाहेर खाटेवर बसले आणि मी, सरला आणि युनिटचा वॉचमन हायवेवरच्या हातगाडीवर फाफडा-जलेबी आणायला गेलो. (दसऱ्याला सुरतेत ते खाल्लं नाही तर दसरा झाला असं कुणी मानत नाही. आपण सोनं वाटतो, हे फाफडा वाटतात.) रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा मागे धूर दिसला, आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, बघा, डाइंगवाल्यांची चिमणी सणालासुद्धा बंद नसते! मामा, सुती कापडाला दिवा लागला तर ते काळं पडतं, हळूहळू जळतं, माणसाला ओरडायला वेळ देतं. हे कापड वितळतं आणि पेटलेले थेंब खाली पडतात. आम्ही पोचलो तेव्हा शेड आतून भडकली होती आणि खाटेवर आबा नव्हते.

ते आत होते. दोन्ही हातांनी साहेबाच्या अंगावरचा शालू ओढत होते. बहात्तर वर्षांचा माणूस, आधीच दम्याचा, त्या नायलॉनच्या काळ्या धुरात उभा राहून जळतं कापड ओढतोय आणि ओरडतोय, कुणावर, तर माझ्यावर नाही, साहेबावर. "उठ, उठ भो, निघ बाहेर!" मी आणि वॉचमनने त्यांना काखेत धरून ओढून काढलं. युनिटचे कामगार धावत आले आणि त्यांनी पाइप लावून साहेबावर पाणी सोडलं. तापलेल्या ओतीव लोखंडावर थंड पाणी मारू नये हे आबा त्यांना खोकत खोकत सांगत होते, पण ऐकतो कोण. साहेबातून अशी एक कट्ट वाजली. आबांनी डोळे मिटले. त्यानंतर चार दिवस ते दवाखान्यात नळी लावून होते. हाताचं जळलेलं भरून येतंय. छातीतलं येणार नाही म्हणतात.

शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द काय असेल? 'शालिग्राम' नाही, 'पाणी' नाही. "साहेबाचं काय झालं?" मी म्हणालो, वरवर काळा पडलाय, मिस्त्रीला दाखवतो. आणि तिथून मी या फेऱ्यात अडकलो. रोज पाळी संपली की मी पलसाण्याला जातो आणि रोज घरी आल्यावर म्हातारा भिंतीला टेकून बसलेला असतो आणि विचारतो, काय म्हणाला मिस्त्री.

साहेबाची आजची स्थिती अशी. टायर नाहीत, नुसत्या तारांची वेटोळी उरलीत. स्टिअरिंगचं चाक वितळून खाली लोंबतंय. सीटची स्प्रिंग आहे, पण तिच्यावर बसलं की ती बसते ती उठत नाही. रेडिएटरला मारलेला कथलाचा डाग सगळा गळून पडलाय. टाकी सांध्यात उकललीय. वायरिंग नावाची वस्तू नाही. लाल रंग फक्त नंबरप्लेटच्या मागे, चार बोटं. पहिल्यांदा मी लिंबायतचा एक भंगारवाला नेला. त्याने साहेबाकडे बघितलंच नाही, साहेबाखालची जमीन किती दबलीय ते बघितलं आणि वजन सांगितलं. मी म्हणालो, अरे, तो काही बैल आहे का? तो म्हणाला, बैलाला तरी कातडं असतं. त्याला हाकलला.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून नानपुऱ्याचे एक पारशी गृहस्थ आले. जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांनी आल्या आल्या टोपी काढली आणि साहेबाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. दोन वेळा डोळे पुसले. (राख उडत होती, तरीही.) मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दीकरा, ए मरी नथी गयो, सूई गयो छे." मेला नाही, झोपलाय! मला इतकं बरं वाटलं मामा, की मी तिथेच त्यांच्या पाया पडणार होतो. मी विचारलं, मग उठेल? ते म्हणाले, उठवायचा कशाला? मी याला बंगल्यात लॉनवर उभा करीन, काजळीसकट, वर एक दिवा सोडीन, लोक बघतील. दिवा म्हटल्यावर मी साहेबाच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभा राहिलो. मी त्यांना नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. ते जाताना साहेबाला गुजरातीत काहीतरी बोलून गेले, ते खासगी असावं.

शेवटी गोडादऱ्याचा भिकन मिस्त्री गाठला. आपल्या शिरपूरकडचा आहे, ट्रॅक्टरच्या कामात त्याचा हात धरणारा या भागात नाही, आणि तोंडही तसंच आहे. त्याने एक अख्खा दिवस घातला. गिअर बघितले, म्हणाला ठीक. मागची हाऊसिंग ठोकून बघितली, म्हणाला ठीक. मला वाटायला लागलं की दुरुस्त होतोय. मग इंजिनाच्या बाजूला टॉर्च मारला आणि बोट ठेवलं. ब्लॉकला वरून खाली वीतभर चीर. मी म्हणालो, त्या पाणी मारणाऱ्यांच्या बैलाला... भिकन म्हणाला, थांबा मास्तर, शिव्या जपून ठेवा. चिरेत बोट फिरवून त्याने मला दाखवलं. बाहेर काजळी होती. चिरेच्या आत काजळी नव्हती, गंज होता. पिकलेला, थराथराचा. पाण्याने कट्ट वाजली ती दुसरीकडे कुठेतरी. ही चीर जुनी होती.

मग त्याने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं. नट सुटायला काही त्रास झाला नाही, कारण प्रत्येक नटाला आतून ग्रीस होतं, आणि असं ग्रीस लावणारा माणूस मी जगात एकच बघितलाय. चारपैकी तिसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टन नव्हता. तिथे उंदीर जाऊ नये म्हणून गुजराती वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी कोंबलेली होती. कडेने करपली होती, पण भिकनने ती उलगडली आणि तारीख वाचली. मार्च, एकोणीसशे त्र्याऐंशी.

मी खाली बसलो. भिकनलाही कळलं असावं, कारण त्याने विडी काढली आणि शेडकडे बघून परत खिशात ठेवली. मामा, तेरा वर्षं. तेरा वर्षं साहेब मेलेला होता आणि आबांना ते माहीत होतं. त्यांनी स्वतः तो उघडला, चीर बघितली, पिस्टन काढला, कागद भरला, नटांना ग्रीस लावून पुन्हा आवळले आणि घरी येऊन जेवायला बसले. मग आई होती तोवर दर आखाजीला तिला सांगितलं, एवढं एक बारीक काम झालं की आलोच. आणि दर आठवड्याला बसने जाऊन ते त्याला पुसत राहिले.

पहिल्यांदा मला राग आला. भयंकर आला. वाटलं, घरी जाऊन तो कागद त्यांच्यापुढे टाकावा आणि विचारावं की माझी आई दर वर्षी एकटी गाडीत बसायची ते कशासाठी? दुसऱ्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, की चला, साहेब आपण मारला नाही. (ही गोष्ट सरलाला सांगितली नाही, तुम्हीही मामींना वाचू नका.) आणि तिसऱ्यांदा, बसमध्ये उभा असताना, पलसाणा आणि सुरतेच्या मधे कुठेतरी, आठवलं की म्हातारा त्या धुरात कशासाठी शिरला होता. तेरा वर्षं मेलेल्या इंजिनासाठी. जळून गेलं असतं तर आयतं निमित्त मिळालं असतं. उलट छाती जाळून घेतली. मला हे समजत नाही मामा. मी मागाचा माणूस, धागा तुटला तर कुठे तुटला ते हाताला कळतं. इथे हाताला काही लागत नाही. मी बसमध्ये रडलो, आणि कंडक्टर म्हणाला, पास दाखवा.

कागद मी आबांना दाखवला नाही. भिकनला सांगितलं, होता तसा परत आत ठेव आणि नट आवळ. भिकनचं म्हणणं असं, की पैसा आणि वेळ असेल तर साहेब उठू शकतो. ब्लॉकला जोड मारायचा, पिस्टन राजकोटहून ओतून आणायचा, टायर कुठेतरी जुन्या बाजारात मिळतील, मॅग्नेटो भरून घ्यायचा. म्हणाला, लोखंड चांगलं आहे मास्तर, असं लोखंड आता येत नाही, पुढच्या आखाजीपर्यंत हँडल मारून दाखवतो. मी त्याला विचारलं, पुढच्या आठवड्यापर्यंत? त्याने टॉर्च बंद केला. मग म्हणाला, मास्तर, तुम्ही मिस्त्री चुकीचा गाठलाय.

घरी सरलाला सगळा हिशेब सांगितला, म्हणजे ब्लॉक, पिस्टन, राजकोट. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, गावी मामंजींना न्यायचंय की ट्रॅक्टरला, ते आधी ठरवा. बायका असं काहीतरी बोलून भाकरी उलटतात आणि आपण दोन दिवस झोपत नाही.

तर मामा, निकाल असा झाला. साहेब दुरुस्त करण्यालायक आहे. भिकन म्हणतो, पारशी म्हणतो, मीही म्हणतो. पण ज्याच्यासाठी करायचा तो तोवर राहणार नाही, म्हणून करण्यात अर्थ नाही. आणि हे आबांना सांगायची माझी छाती नाही. कारण साहेब भंगारात गेला असं सांगितलं की गावाचा रस्ता संपला. ते शब्दाला इतके चिकट आहेत की नवागामच्या या खोलीत, पंख्याकडे बघत जातील, पण तुमच्या दारात पायी येणार नाहीत. रोज विचारतात आणि मी रोज सांगतो, होतंय आबा, एवढं एक बारीक काम राहिलंय. हे वाक्य मी कुठून शिकलो ते त्यांना नक्की कळत असेल. ते मान हलवतात आणि भिंतीकडे तोंड करतात.

तुमचा सल्ला कळवावा. पोरं मजेत आहेत. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि ज्यांच्याशी तुमचं सध्या बोलणं नाही त्यांना काहीच सांगू नये.

तुमचा भाचा,
शालिग्राम

ता. क. सल्ला नको. सल्ला मागितला तो उगाच, पत्र भरायला. खरं काम असं आहे. तुम्ही आबांच्या नावाने एक कार्ड टाका, तुमच्या हाताने, की यंदाच्या पावसात गावाच्या नाल्यावरच्या पुलाची फरशी वाहून गेली. बैलगाडी नाल्यात उतरून कशीबशी जाते, पण कुठलाही ट्रॅक्टर गावात येऊ शकत नाही, आणि सरकार दोन वर्षं तरी फरशी बांधणार नाही. एवढंच. म्हणजे त्यांचा शब्दही मोडत नाही आणि साहेबही वाचतो. रस्ताच नाही म्हटल्यावर माणूस रेल्वेने येऊ शकतो, त्यात त्याचा काय दोष? फरशी धडधाकट आहे हे मला माहीत आहे, पोळ्याला मी तिच्यावरूनच आलो होतो. मामा, तुम्ही चौतीस वर्षांपूर्वी एक वाक्य बोललात. आता एक लिहा.

ता. क. २. कार्डात आठवण येते, भेटावंसं वाटतं, झालं गेलं विसरू, असलं काही लिहू नये. त्यांना लगेच संशय येईल. शेवटी एखादा टोमणा मारलात तर उत्तम.

ता. क. ३. रविवार. कालचं टपाल हुकलं म्हणून पत्र घरातच राहिलं, ते पुन्हा उघडून लिहितोय. आज सकाळी आबांचा श्वास इतका लागला की माझा धीर सुटला. तुमचं कार्ड यायला आठवडा जाणार. मी विजेचं जुनं बिल घेतलं, त्यांच्यापासून लांब धरलं आणि म्हणालो, आबा, हिलाल मामांचं पत्र आलंय. आणि तुमच्या वतीने फरशी वाहून नेली. नाला, पाऊस, सरकार, सगळं वाचलं. टोमणासुद्धा वाचला. आबा डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "आज रविवार शे." मामा, आमच्या खात्याची सुट्टी बुधवारी असते, त्या वारी आमच्या भागात वीज बंद म्हणून, त्यामुळे पोस्टमन कुठल्या वारी येत नाही हे माझ्या डोक्यात राहत नाही. मी बिलाची घडी घालायला लागलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या बिलाकडे बघितलं, आणि दम खात खात म्हणाले, "हिलालले लिखी दे, मी येस तवलग ती फरशी नीट करू नको."

मंगळवारच्या पॅसेंजरने निघतोय. टपालाने हे वेळेत पोचणार नाही, म्हणून आज रात्री गावाकडे निघालेल्या आमच्या खात्यातल्या एका माणसाच्या हातीच पत्र देतोय. नरडाण्याला बैलगाडी घेऊन या आणि तिच्यात गादी टाका, त्यांना आता बसवत नाही. बैलगाडीच आणा मामा. तुम्ही आठ वर्षांपूर्वी नवा ट्रॅक्टर घेतला हे मी आबांना अजून सांगितलेलं नाही. आम्ही तिथे असेपर्यंत तो कुणाच्या तरी खळ्यात, कडब्याच्या गंजीमागे लावून ठेवा.